मेकओव्हरने जात जात नाही



मागच्या महिन्यातला प्रसंग. नागपुरात मुलींच्या एका वसतिगृहात मी दर रविवारी स्पर्धा परीक्षेच्या मुलींना समाजशास्त्र शिकवायला जाते. त्या दिवशी पोचले तर वर्गात कुणी नाही आणि वरच्या खोलीतून हसण्याचा आवाज. जाऊन पाहते तर आठ-नऊ जणी एका लॅपटॉपला चिकटून बसलेल्या. 'द हाऊस बनी' नावाचा २००८ चा अमेरिकन सिनेमा चालला होता. मला पाहून एकीने घाईघाईने लॅपटॉप मिटायला घेतला, कारण पडद्यावर जे चाललं होतं ते ताईंनी पाहावं असं नव्हतं. दुसरी जरा धीट. ती म्हणाली, "राहू दे ना. ताई, तुम्ही पण पाहा. ह्या पोरी अगदी आपल्यासारख्याच आहेत."

त्या एका वाक्यामुळे मी घरी जाऊन तो सिनेमा पूर्ण पाहिला. मग आणखी एकदा पाहिला. आणि आज त्यावर लिहिते आहे.

काही कार्यकर्ते म्हणतील, ताई, हे काय लिहायचे विषय आहेत? आपण 'फँड्री'वर लिहावं, 'सैराट'वर लिहावं, 'काला'वर लिहावं. अमेरिकेतल्या श्रीमंत पोरींच्या चावट कॉमेडीशी आंबेडकरी चळवळीचा काय संबंध? माझं उत्तर असं की 'फँड्री' आपण सभागृहात बसून, चर्चेची तयारी करून पाहतो. असले सिनेमे आपली पोरं-पोरी रात्री अकरानंतर पाहतात, तेव्हा शेजारी चर्चा करायला कुणी नसतं. विचार तिथूनही आत येतात. आणि या सिनेमाचा संबंध बाबासाहेबांच्या एका निबंधाशी आहे, तोही थेट. त्याकडे येतेच.

आधी गोष्ट सांगते. अमेरिकेतल्या कॉलेजांत 'सोरॉरिटी' नावाचा प्रकार असतो. लॅटिनमध्ये 'सोरोर' म्हणजे बहीण. म्हणजे भगिनी-मंडळ म्हणा. ग्रीक अक्षरांची नावं, स्वतःचा बंगला, स्वतःच्या खुणा आणि विधी. वर्षातून एकदा नव्या मुली घेतल्या जातात. अर्ज केला की मिळालं असं नसतं. आतल्या मुली बाहेरच्या मुलींना पारखतात, हसतखेळत बोलतात, मग दार बंद करून ठरवतात की हिला घ्यायचं आणि हिला नाही. कारण सांगावं लागत नाही. वसतिगृह नव्हे हे, आपल्यात कोण आणि आपल्याबाहेर कोण हे ठरवण्याचं यंत्र आहे.

सिनेमात अशी दोन घरं आहेत. एक 'फाय आयोटा म्यू', सुंदर, श्रीमंत, सोनेरी केसांच्या मुलींचं. दुसरं 'झेटा अल्फा झेटा', कुणालाच नको असलेल्या मोजक्या मुलींचं. त्यांत एक गरोदर आहे, एकीच्या पाठीला लोखंडी पट्टा आहे, एक पुस्तकी किडा आहे, एक नाकात-कानात टोचून घेतलेली स्त्रीवादी आहे. कॉलेजची अट अशी की झेटांनी ३० नव्या सदस्य आणल्या नाहीत तर त्यांचं घर जाणार. मग येते शेली. 'प्लेबॉय'वाल्या ह्यू हेफनरच्या बंगल्यात राहणारी, २७ वर्षांची झाली म्हणून तिथून बाहेर काढलेली. (२७ म्हणजे त्या धंद्यात म्हातारी. हेफनर सिनेमात स्वतःच्याच भूमिकेत आहे आणि प्रेमळ आजोबासारखा दाखवला आहे, हे वेगळंच ढोंग.) शेली झेटांची गृहमाता होते आणि त्यांना शिकवते: काजळ कसं घालायचं, छाती कशी उंच दिसेल, मुलांशी कसं बोलायचं. मुली बदलतात. मुलं मागे लागतात. घर वाचतं. प्रतिस्पर्धी घराची नायिका तोंडावर पडते. टाळ्या.

पटकथा लिहिणाऱ्या दोघीही बाया आहेत, 'लीगली ब्लाँड' लिहिणाऱ्याच. एमा स्टोन त्या पुस्तकी मुलीच्या भूमिकेत आहे आणि फार गोड आहे. मीही हसले, खोटं कशाला बोलू.

पण हसून झाल्यावर एक गोष्ट लक्षात आली. ३० ची अट कुणी घातली, ती का असावी, एका घराला दुसऱ्यांना पारखायचा अधिकार कुणी दिला, हे पूर्ण सिनेमात एकही पात्र विचारत नाही. शेवटीसुद्धा अट पूर्ण होते, अट जात नाही.

आता बाबासाहेब. ९ मे १९१६. न्यूयॉर्क, कोलंबिया विद्यापीठ, प्राध्यापक गोल्डनवायझर यांचं मानववंशशास्त्राचं चर्चासत्र. २५ वर्षांचे भीमराव निबंध वाचतात, 'कास्ट्स इन इंडिया'. जातीचं मर्म त्यांनी कशात सांगितलं? शिवाशिवीत नाही, व्यवसायात नाही, धर्मग्रंथातही नाही. अंतर्विवाहात. आपल्या गटाबाहेर लग्न करायचं नाही, हा जातीचा कणा. आणि हा नियम टिकवायचा तर स्त्रीला ताब्यात ठेवावं लागतं. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह या तिन्ही प्रथा बाबासाहेबांनी त्या एकाच गरजेतून निघालेल्या दाखवल्या. नवरा मेल्यावर उरलेली बाई गटाबाहेर लग्न करील किंवा गटातल्या दुसरीच्या वाट्याचा नवरा घेईल, म्हणून तिचं काय करायचं, हा त्या व्यवस्थेपुढचा प्रश्न होता. अगदी हिशेबाचा प्रश्न.

या निबंधानंतर ४९ वर्षांनी, १९६५ मध्ये, जॉन फिनली स्कॉट नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचा एक लेख 'अमेरिकन सोशिऑलॉजिकल रिव्ह्यू'मध्ये आला. विषय कोणता, तर अमेरिकन कॉलेजातली सोरॉरिटी आणि वर्गीय व वांशिक अंतर्विवाहातली तिची भूमिका. मांडणी थोडक्यात अशी: मुलगी कॉलेजला पाठवली की ती कुणालाही भेटू शकते, कुणाच्याही प्रेमात पडू शकते. वरच्या वर्गातल्या आईबापाला ती भीती. घरापासून दूर असलेल्या मुलीवर नजर ठेवायची तर तिच्याच वयाच्या, तिच्याच वर्गाच्या मुलींचं घर उभं करा. कुठल्या मुलांबरोबर नाचायचं, कुणाशी लग्न ठरलं तर कौतुक करायचं, कुणाशी फिरली तर नाक मुरडायचं, हे ते घर बघेल. आईबापाला बोलावंही लागणार नाही. मुलांच्या मंडळांपेक्षा मुलींच्या मंडळांवर माजी सदस्यांचा पहारा जास्त असतो, हेही स्कॉट दाखवतो.

समाजशास्त्रात एम.ए. करताना मला स्कॉट कुणी वाचायला दिला नाही, ते एकवेळ समजू शकते. पण १९१६ चा निबंधही दिला नाही. जात शिकवली ती घुर्येंची आणि श्रीनिवासांची. बाबासाहेब परीक्षेत यायचे ते 'समाजसुधारक' या प्रकरणात, टीपा लिहा या प्रश्नाला, पाच गुणांना.

ही सोरॉरिटी जन्मली कशी, हेही पाहण्यासारखं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकन कॉलेजात मुली नुकत्याच शिरत होत्या. मुलांना आणि प्राध्यापकांना त्या नको होत्या. एकमेकींचा आधार म्हणून मुलींनी मंडळं काढली. म्हणजे बाहेर ठेवलेल्यांचा तो निवारा होता. पण एकदा भिंती उभ्या राहिल्यावर त्याच मुलींनी ठरवायला सुरुवात केली की ज्यू नको, काळी नको, गरीब नको. मग ज्यू मुलींनी १९०९ मध्ये बर्नार्ड कॉलेजात आपलं वेगळं मंडळ काढलं. काळ्या मुलींनी १९०८ मध्ये हॉवर्ड विद्यापीठात 'अल्फा कप्पा अल्फा' काढलं, १९१३ मध्ये 'डेल्टा सिग्मा थीटा'. हे डेल्टाचं मंडळ स्थापन होऊन काही आठवडे झाले असतील-नसतील, तोच त्या मुली ३ मार्च १९१३ च्या वॉशिंग्टनमधल्या स्त्री-मताधिकाराच्या मोर्चात चालल्या. त्याच मोर्चात काळ्या बायकांनी मागच्या रांगेत चालावं असा गोऱ्या संयोजकांचा आग्रह होता. इडा बी. वेल्स यांनी तो झुगारला आणि त्या आपल्या राज्याच्या तुकडीत शिरल्या. बहिणींचा मोर्चा, आणि त्यातही मागची रांग.

हे बर्नार्ड म्हणजे कोलंबियाचंच मुलींचं कॉलेज, ब्रॉडवेच्या पलीकडच्या बाजूला. ज्या १९१३ साली बाबासाहेब कोलंबियात दाखल झाले, त्याच साली बर्नार्डमध्ये ही मंडळं भेदभाव करतात म्हणून वाद पेटला, नव्या मुली घेण्यावर बंदी आली आणि पुढे ती कायमची झाली. वाद पेटवणाऱ्यांत फ्रेडा कर्चवे नावाची विद्यार्थिनी होती, जी नंतर 'द नेशन' साप्ताहिकाची संपादक झाली. एका बाजूला मुली म्हणत होत्या, निवडानिवडीची ही घरंच नकोत. रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला आपला माणूस लिहीत होता की बंदिस्त गट म्हणजेच जात.

म्हणजे 'यंत्रच बंद करा' हा पर्याय अमेरिकेत शंभर वर्षांपूर्वी मांडला गेला होता आणि एका कॉलेजात अमलातही आला होता. २००८ च्या सिनेमाला तो सुचत नाही.

"अहो, पण हे सगळं जुनं झालं." जुनं? अलाबामा विद्यापीठ घ्या. जून १९६३ मध्ये तिथे गव्हर्नर जॉर्ज वॉलेस दारात उभा राहिला होता, काळ्या विद्यार्थ्यांना अडवायला. त्याला बरोबर ५० वर्षं झाली तेव्हा, सप्टेंबर २०१३ मध्ये, विद्यापीठाच्या विद्यार्थी-वृत्तपत्राने बातमी छापली की गोऱ्या सोरॉरिटींमध्ये अजूनही काळ्या मुली घेत नाहीत. एका मुलीचे गुण उत्तम, घराणं नावाजलेलं, सगळं असून तिला नाकारलं. आणि नाकारलं कुणी? आतल्या काही मुलींना ती हवी होती. आड आल्या त्या माजी सदस्य बायका. स्कॉटने १९६५ मध्ये लिहून ठेवलं होतं, तेच. विद्यार्थ्यांनी मोर्चा काढला, विद्यापीठाला निवड पुन्हा उघडावी लागली आणि त्यानंतर काही काळ्या मुली आत गेल्या. त्या मुलीने काजळ घालायला शिकायचं बाकी होतं का? तिच्यात काय कमी होतं, जे शेलीने दुरुस्त केलं असतं?

हा माझा सिनेमाशी मुख्य वाद आहे. सिनेमा सांगतो, तुम्ही बाहेर आहात कारण तुम्ही गबाळ्या आहात. नीट दिसा, दार उघडेल. दलित मुलीला हे रोज ऐकायला मिळतं, फक्त भाषा सभ्य असते. 'पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट', 'ग्रूमिंग', 'कॉन्फिडन्स'. आमच्या वसतिगृहातही मध्ये एक बाई सत्र घ्यायला आल्या होत्या. बोलण्यातला वऱ्हाडी हेल काढा, तेल लावून वेणी घालू नका, हसताना तोंड एवढं उघडू नका. मुली वहीत लिहून घेत होत्या. एकीने विचारलं, "मॅडम, आडनावाचं काय करायचं?" बाई म्हणाल्या, तो विषय आजच्या सत्रात नाही.

तो विषय सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी २००७ मध्ये हाताळला आहे. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले. शिक्षण तेच, अनुभव तोच, फक्त नावं वेगळी, काही सवर्ण, काही दलित, काही मुस्लिम. दलित नावाच्या अर्जाला पुढे बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण नावाच्या तुलनेत साधारण दोन तृतीयांश निघाली. कागदाला केस नसतात, कागद हसताना तोंड उघडत नाही. तरी कागद बाहेर.

आणि मुलींनी मुलींना सांभाळून घ्यावं या गोड समजाचं काय? मे २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. आदिवासी समाजातली, एम.डी. करणारी मुलगी. त्या प्रकरणात ज्यांच्यावर आरोपपत्र दाखल झालं त्या तिघीही डॉक्टर आणि तिघीही स्त्रिया. न्यायालय काय ते ठरवील. पण एका छपराखाली राहिलं, एकाच वॉर्डात काम केलं की भगिनीभाव आपोआप येतो, हे मला कुणी सांगू नये.

आता कुणी जाणकार कार्यकर्ता मला अडवील, आणि त्याने अडवावंच. म्हणेल, ताई, बाबासाहेबांनीच तर सुटाबुटाचा आग्रह धरला. महाडला डिसेंबर १९२७ मध्ये आपल्या बायकांना त्यांनीच सांगितलं की लुगडं नेसायची पद्धत बदला, अंगावरचे ते ढीगभर कथलाचे-चांदीचे दागिने काढा, स्वच्छ राहा. मग तोही मेकओव्हरच ना?

हा प्रश्न मला अनेक दिवस टोचत होता. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं 'आम्हीही इतिहास घडवला' पुन्हा काढून वाचलं. माझं उत्तर असं आहे. आपल्या आज्या-पणज्या तसं लुगडं हौसेने नेसत नव्हत्या. कसं नेसायचं, कुठले दागिने घालायचे, हे गावाने ठरवून दिलेलं होतं, म्हणजे लांबून पाहिलं तरी जात कळावी. ती खूण होती, गळ्यातल्या मडक्यासारखी. ती काढा, असं बाबासाहेब म्हणाले. ब्राह्मणांच्या घरात प्रवेश मिळावा म्हणून नाही. त्याच परिषदेत २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली, हे विसरून कसं चालेल? एका हाताने खूण उतरवली आणि दुसऱ्या हाताने खूण लावणारा कायदा जाळला. झेटांनी फाय आयोटा म्यूचं नियमपुस्तक जाळलं असतं आणि मग खुशाल लिपस्टिक लावली असती, तर मी हा लेख लिहिला नसता. लिपस्टिकशी माझं भांडण नाही. मीही लावते.

नियम तसाच ठेवून वरच्याची नक्कल करणं, यावरही बाबासाहेब त्याच १९१६ च्या निबंधात बोलले आहेत. जात एका ठिकाणाहून सगळीकडे कशी पसरली? कुणी मनूने बसून ती वाटली नाही. एका वर्गाने स्वतःभोवती कुंपण घातलं, बाकीच्यांनी त्याची नक्कल केली आणि ज्यांनी केली नाही ते कुंपणाबाहेर पडल्यामुळे आपसूक वेगळे झाले. फ्रेंच विचारवंत गाब्रिएल तार्द याचा अनुकरणाचा सिद्धांत त्यांनी यासाठी वापरला. वरच्याचं खालच्याने अनुकरण करणं. पुढे १९५२ मध्ये श्रीनिवासांनी 'संस्कृतीकरण' हा शब्द आणला आणि त्यावर पिढ्यान्‌पिढ्या पीएचड्या झाल्या. पण त्यांनी संस्कृतीकरण वर चढायची शिडी म्हणून मांडलं. बाबासाहेबांनी ३६ वर्षं आधी तीच नक्कल जातीचा रोग पसरण्याचं कारण म्हणून मांडली होती. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आणि गंमत अशी की हा रोग सिनेमात एका प्रसंगात स्वच्छ दिसतो. झेटा आता देखण्या झाल्या आहेत, त्यांच्याकडे मुलींची रीघ लागली आहे. अर्जांची छाननी करायला बसतात आणि फटाफट नाकारत सुटतात. नाकारलेल्या मुली कशा? तीन महिन्यांपूर्वी त्या स्वतः होत्या तशा. मग त्यांना धक्का बसतो की आपण फाय आयोटा म्यू झालो. हा प्रसंग सगळ्या सिनेमात खरा आहे. त्यानंतर त्या जे करतात ते तर अमेरिकन कॉमेडीत अपेक्षितच नव्हतं. पारखणं सोडून देतात आणि चिठ्ठ्या टाकून नावं काढायचं ठरवतात. जिची चिठ्ठी निघेल ती आपली बहीण.

चिठ्ठी! गुणवत्ता नाही, घराणं नाही, रूप नाही. त्या दोन मिनिटांत सिनेमा बर्नार्डच्या मुलींच्या अगदी जवळ येतो. पण प्रतिस्पर्धी घराच्या मुली ती आमंत्रणं चोरतात आणि कथा पुन्हा गाडीचा रूळ पकडते. शेली सभेत घुसते, भाषण करते, मुली हेलावतात, ३० चा आकडा भरतो. चिठ्ठ्यांचा विषय भाषणात वाहून जातो.

लिलीबद्दल एक शब्द. झेटांच्या घरात ठळकपणे दिसणारी काळी मुलगी ती एकच. ती इतकी लाजाळू दाखवली आहे की जवळजवळ बोलतच नाही, मोबाईलवर मजकूर लिहून दाखवते. बाकीच्या सगळ्यांना विनोदी वाक्यं मिळाली, एका काळ्या मुलीचा आवाज जवळजवळ बंद. हे लिहिणाऱ्यांच्या ध्यानातही आलं नसेल. तेच तर सांगते आहे.

इथे थांबले असते तर लेख सोपा झाला असता. अमेरिका वाईट, ब्राह्मणवाद वाईट, आपण चांगले. पण ती मुलगी म्हणाली होती की ह्या पोरी आपल्यासारख्याच आहेत. छाननीच्या प्रसंगात त्या खरोखरच आपल्यासारख्या आहेत.

काळ्या समाजाने हा आरसा स्वतःला दाखवला आहे. ई. फ्रँकलिन फ्रेझर या काळ्या समाजशास्त्रज्ञाने 'ब्लॅक बुर्ज्वा' (१९५७) मध्ये काळ्या मध्यमवर्गावर, त्यांच्या मंडळांच्या भपक्यावर असा कोरडा ओढला की आपल्याच लोकांच्या शिव्या खाल्ल्या. आपल्याकडे तो आरसा कुठे लावायचा? मी जागा सांगते. बौद्ध वधू-वर परिचय मेळावा.

मी २६ वर्षांची असताना बाबांनी माझा फॉर्म भरला होता. स्टेजवर तथागतांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा, त्रिसरण-पंचशील झालं, आणि मग माईकवरून एकेक स्थळ: गोरी, सडपातळ, उंची पाच-तीन, शासकीय नोकरीवाला हवा. माझ्या रंगाला फॉर्मवर 'गव्हाळ' लिहिलं होतं. तो खोटेपणा माझ्या आत्याचा. नंतर एका स्थळाकडून एक काका आले, जय भीम केला, चहा घेतला, आणि आवाज खाली आणून बाबांना विचारलं, "तसं आपण सगळे बौद्धच, पण तुम्ही लाडवण की बावणे?" १९५६ मध्ये याच शहरात, दीक्षाभूमीवर, जे सोडलं ते विचारायला काका घरी आले होते. आवाज खाली आणला याचा अर्थ विचारू नये हे त्यांना माहीत होतं.

बावीस प्रतिज्ञा भिंतीवर आणि पोटजात फॉर्मवर. आपण झेटा आहोत. बाहेर ठेवले गेलो म्हणून स्वतःचं घर बांधलं, ते योग्यच केलं. आता त्याच घरात बसून अर्ज छानतो आहोत. अंतर्विवाह हा जातीचा कणा, हे ज्यांच्या बापाने जगाला शिकवलं त्यांनीच पोटजातीतला अंतर्विवाह जपायचा? आणि बाहेर जाऊन 'जातिअंत' या विषयावर व्याख्यान द्यायचं?

याच नागपुरात २० जुलै १९४२ ला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली. हजारो बाया आल्या. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वावर बंदी, कामगार बायांना रजा असे ठराव त्यांनी केले. मंडपाच्या दारात कुणी कुणाचा रंग विचारला नव्हता. भगिनीभाव शिकायला आपल्याला शेली लागत नाही, तो आपल्या आज्यांनी करून दाखवला आहे.

पुढच्या रविवारी मी १९१६ च्या निबंधाच्या झेरॉक्स घेऊन वसतिगृहात गेले. दोन तास वाचला, अर्धाच झाला. सती आणि वैधव्याचा हिशेब वाचताना खोली गप्प होती. शेवटी त्याच धीट मुलीने सांगितलं की तिच्या बाबांनी डिसेंबरच्या मेळाव्याचा फॉर्म आणून ठेवला आहे. रंगाचा रकाना आहे, पोटजातीचाही आहे. "ताई, दोन्ही रिकामे ठेवू का?" मी म्हटलं, बाबांशी बोल आणि ठेव. तिने ठेवले. चार दिवसांनी संयोजकांचा फोन आला की फॉर्म अपूर्ण आहे, पुस्तिकेत छापता येणार नाही. बाबा म्हणाले, आमच्याकडून पूर्ण आहे.

आता त्या संयोजकांना भेटायला आम्ही जाणार आहोत. भांडायला नाही, तेही आपलेच लोक आहेत, चळवळीत माझ्याआधीपासून आहेत. एवढंच सांगायला की पुढच्या वर्षीच्या फॉर्मवरून ते दोन रकाने काढा. ज्यांच्या गावात, ज्यांच्या तालुक्यात असे मेळावे होतात त्यांनी आपल्याकडच्या फॉर्मची एक प्रत मिळवून पाहावी, त्यात काय काय विचारलं आहे. आणि नागपुरातल्या ज्या तरुणांना आमच्यासोबत यायचं असेल त्यांनी जरूर यावं. मुलं आली तर जास्त बरं, कारण 'गोरी, सडपातळ' हे त्यांच्याच नावाने लिहिलेलं असतं.

जय भीम. नमो बुद्धाय.